पाचवं लायसन्स

ही हकीकत माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीची आहे. तिच्या तोंडून मी ती तीन वेळा ऐकली. तिन्ही वेळा तिनं ती जशीच्या तशी सांगितली, वेळा-तारखांसकट. मी पदरचं काही घातलेलं नाही. उलट एक-दोन गोष्टी गाळल्यात, कारण त्या लिहवत नाहीत.

दिवस बुधवारचा. वेळ, दोन वाजायला दहा मिनिटं. दुपारचे.

जागा, लोखंडी जिने बनवणाऱ्या एका कंपनीचं ड्रॉइंग ऑफिस. खाली वर्कशॉप, वर हे ऑफिस. सहा टेबलं, एक लांबट खिडकी, आणि दिवसभर खालून येणारा ग्राइंडरचा आवाज.

लख्ख ऊन होतं. ट्यूबलाइट चालू होत्या. सगळी माणसं जागच्या जागी होती.

तरीसुद्धा ते झालं.

त्याआधी माझ्या भाऊजींबद्दल सांगायला हवं.

ताई आणि भाऊजी एकाच ऑफिसात कामाला. दोघंही जिन्यांची ड्रॉइंग काढायचे, कॉम्प्युटरवर. ऑफिसातली बाकीची तिघं भाऊजींच्याच हाताखाली तयार झालेली, म्हणून सगळे त्यांना 'मास्तर' म्हणायचे. ताई आणि ते पाठीला पाठ लावून बसायचे. घरीही दोघंच. दिवसाचे चोवीस तास एकमेकांसमोर. ताई गमतीनं म्हणायची, "आमचं लग्न नाही, आमची नोकरी आहे."

मास्तरांची एक सवय होती. कोणाच्या ड्रॉइंगमध्ये चूक दिसली, की ते तोंडानं काही बोलायचे नाहीत. चुकीभोवती लाल रेषेनं एक ढग काढायचे आणि आत प्रश्नचिन्ह. बस. चूक काय आहे ते ज्याचं त्यानं शोधायचं. 'मास्तरांचा ढग आला रे' म्हटलं की ज्याचं ड्रॉइंग असेल तो हातातला चहा ठेवून कॅल्क्युलेटर काढायचा.

त्यांच्या ऑफिसातलं सॉफ्टवेअर आठ वर्षं जुनं होतं. नवं व्हर्जन बाजारात येऊन बरेच दिवस झाले होते. बदलायचं कधी, हा वाद वर्षभर चालू होता.

ताईला नवं हवं होतं. ती एकदा जाऊन बघून आली होती. भाऊजी म्हणायचे, "घाई नको. हातात अर्धी कामं असताना सॉफ्टवेअर बदललं, की एकाच जिन्याच्या पायऱ्या एकीकडे आणि कठडा दुसरीकडे होतो. ही दोन कामं संपू देत. मधे रिकामा आठवडा सापडला की बदलू."

त्यांचं काही चुकत नव्हतं.

एका सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये हाच विषय निघाला. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. भाऊजी तेच म्हणाले, जे नेहमी म्हणायचे.

ताई हसत हसत म्हणाली, "साहेब, कामबिम काही नाही. यांना आता नवं शिकायची भीती वाटते."

साहेब हसले. लंबू हसला. लंबू म्हणजे तिथला ड्राफ्ट्समन, सव्वासहा फूट उंच. भाऊजीही हसले.

पण नंतर ते ताईशी एक शब्द बोलले नाहीत.

त्या दिवशी लंबू आणि बाकीचे दोघं मापं घ्यायला साइटवर गेले होते. ऑफिसात ताई आणि भाऊजी, दोघंच. दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली. ताई थांबली जरा. ते म्हणतील, 'चल, डबा उघड.'

ते म्हणाले नाहीत. माऊस हलवत राहिले.

'राहू दे थोडा वेळ फुगून,' असं मनाशी म्हणत ताई आपला डबा घेऊन खाली गेली. पॅकिंगच्या बायकांबरोबर जेवली. सुट्टी दोनला संपते. ती मुद्दाम अडीचपर्यंत खाली बसली.

वर आली तेव्हा भाऊजी खुर्चीतच होते. मान छातीवर. हात माऊसवर. चष्मा तसाच.

समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर धावत आले. त्यांनी सांगितलं, हृदयाचा झटका. खालचा फोरमन म्हणाला, "दोनला दहा कमी असतील. वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला होता." स्टीलची फूटपट्टी खाली पडलेली होती. डॉक्टरांनी तीच वेळ धरली.

ताईच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "क्षणात गेले. त्यांना कळलंसुद्धा नसेल."

हे एक वाक्य धरून माझी बहीण जगत होती.

दहा दिवसांनी ऑफिस उघडलं आणि ती कामावर गेली. भाऊजींच्या कॉम्प्युटरची वायर तिनं स्वतः काढली. माऊसची केबल गुंडाळून ठेवली. वरून प्लास्टिकचं कव्हर घातलं. ते टेबल कोणाला द्यायचं, हा विषय साहेबांनी एकदाही काढला नाही.

आणि सॉफ्टवेअर बदलायचा विषय ताईनंच बंद केला.

आता ड्रॉइंग ऑफिसची प्रमुख तीच होती. साहेब विचारायचे, "मॅडम, मग कधी घ्यायचं नवं?"

"हे काम होऊ दे, साहेब."

ते काम व्हायचं. दुसरं यायचं.

"नव्या व्हर्जनमध्ये सुरुवातीला खूप चुका असतात म्हणे. लोकांना सापडू देत, मग घेऊ."

"मास्तरांनी पायऱ्या आखायचा छोटा प्रोग्राम लिहिलाय. तो नव्यात चालेल की नाही, कोणाला ठाऊक?"

सगळी कारणं खरी होती. कोणीही समजूतदार माणूस हीच कारणं देईल. पण रात्री माझ्याकडे जेवायला आली की ती ताटाकडे बघत म्हणायची, "मी त्यांना सगळ्यांसमोर तसं बोलले. आता त्यांच्या पाठीमागे कशी बदलू?"

असे सहा महिने गेले.

मग ऑफिसात एक नवी मुलगी कामाला लागली. अंगानं इतकीशी, म्हणून लंबूनं पहिल्याच दिवशी तिचं नाव 'बारकी' ठेवलं. तिला नवा कॉम्प्युटर मिळाला, खिडकीजवळ.

त्या सॉफ्टवेअरची कंपनीकडे पाच लायसन्स होती. म्हणजे एका वेळी पाच जणांनाच ते चालवता यायचं. सहाव्यानं उघडलं की 'लायसन्स शिल्लक नाही' असा निरोप पडद्यावर यायचा. भाऊजी होते तेव्हा ते, ताई, लंबू आणि बाकीचे दोघं, असे पाच. ते गेले, चार राहिले. बारकी आली, पुन्हा पाच.

हिशोब बरोबर होता.

बारकी भरभर जेवायची. जेवायला जाताना सॉफ्टवेअर नीट बंद करून जायची. त्या बुधवारी ती सुट्टी संपायच्या आधीच जागेवर आली, दोनला दहा कमी असताना. तिनं सॉफ्टवेअर उघडलं.

आणि...

"ताई, हे उघडत नाही. सगळी लायसन्स वापरात आहेत म्हणतंय."

ताई तिच्या जागेवर होती. लंबू टेबलावर पाय ठेवून पेंगत होता. बाकीचे दोघंही खुर्चीत होते. चौघांची चार.

"परत बघ," ताई म्हणाली.

"तीनदा बघितलं."

लंबू डोळे न उघडता म्हणाला, "बारके, तुझं तोंड बघून लायसन्स पळून गेलं."

सगळे हसले. अर्ध्या तासानं, दोन-वीसला, ते आपोआप उघडलं.

दुसऱ्या दिवशी तेच. दोनला दहा कमी... बंद. दोन-वीस... सुरू.

तिसऱ्या दिवशीही तेच.

ताईनं कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. हा बाहेरचा माणूस, आठवड्यातून एकदा यायचा. कोपऱ्यात सर्व्हर होता, तिथे बसून त्यानं यादी उघडली. कोणत्या मशिननं लायसन्स घेतलंय ते त्या यादीत दिसायचं. मशिनना टोपणनावं दिलेली, कामाला सोपं जावं म्हणून.

दोनला दहा कमी होते.

त्यानं यादी मोठ्यानं वाचली. पहिली ताई. दुसरा लंबू. मग बाकीचे दोघं.

मग तो थांबला.

"मास्तरांचं मशिन कोण वापरतंय?"

खालचा ग्राइंडर तेवढ्यात थांबला होता.

ताई उठली. भाऊजींच्या टेबलापाशी गेली. प्लास्टिकचं कव्हर उचललं. वायर भिंतीपासून काढलेली. नेटवर्कची केबलही काढलेली. माऊसची गुंडाळी तिनं बांधली होती तशीच, गाठसुद्धा तीच.

कॉम्प्युटरवाला म्हणाला, "अडकलं असेल. मेलेल्या मशिनचं लायसन्स कधी कधी सर्व्हरला..."

त्यानं जीभ चावली. सर्व्हर बंद करून परत चालू केला. "आता नाही येणार," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, दोनला दहा कमी असताना, बारकीनं नुसतं ताईकडे बघितलं.

ताई तिला म्हणाली, "तू वीस मिनिटं जास्त बसत जा जेवायला. मी सांभाळते."

त्या दिवसापासून ताई खाली जाईनाशी झाली. सर्व्हरच्या पडद्यासमोर डबा उघडायची. जेवत जेवत यादी बघायची. चार ओळी. मग घड्याळात ती वेळ व्हायची.

आणि पाचवी ओळ यायची...

मास्तर.

सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचा डबा संपायला लागला. तिच्या चेहऱ्यावर थोडी कळा आली. मला वाटलं, सावरतेय. मी मनात म्हटलं, बरं झालं. मला काय ठाऊक, ती कोणाबरोबर जेवतेय ते.

एके दुपारी ऑफिसात कोणी नव्हतं. वर्कशॉपचीही सुट्टी. इतकं शांत की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

टक्-टक्...

टक्-टक्...

आवाज प्लास्टिकच्या कव्हरखालून येत होता. भाऊजींच्या माऊसचं डावं बटण जुनं झालेलं होतं. दाबलं की दोनदा वाजायचं. ताईनं तो आवाज सतरा वर्षं पाठीमागून ऐकला होता.

ती घाबरली नाही. हे तिनं मला तिन्ही वेळा सांगितलं. ती फक्त सर्व्हरसमोरची खुर्ची उचलून आपल्या नेहमीच्या जागी घेऊन गेली, त्यांच्या टेबलाकडे पाठ करून बसली, आणि दोन-वीसपर्यंत तशीच बसून राहिली.

याच सुमारास मोठं काम आलं. लहान मुलांचं हॉस्पिटल. आग लागली तर बाहेरच्या बाजूनं उतरायचा जिना, चार मजले. आर्किटेक्टच्या ऑफिसकडून इमारतीची फाइल आली, ती नव्या व्हर्जनमधली. इथं उघडेना. ताईनं फोन केला, त्यांनी ती जुन्या व्हर्जनमध्ये करून पाठवली.

साहेब म्हणाले, "मॅडम, आता तरी?"

"हे काम होऊ दे, साहेब."

ताईनं जिन्याचं ड्रॉइंग स्वतः काढलं. मापं तीनदा तपासली. वर्कशॉपला द्यायच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, तिनं ते एकदा शेवटचं बघावं म्हणून उघडलं.

पडद्यावर निरोप आला...

'ही फाइल मास्तर वापरत आहेत. फक्त वाचण्यासाठी उघडायची का?'

ताईच्या हातातला घास खाली पडला.

तिनं 'हो' दाबलं.

ड्रॉइंग उघडलं. तिसऱ्या मजल्याच्या खाली, जिना वळतो तिथे, एक लाल ढग होता. आत प्रश्नचिन्ह.

तिनं ती जागा पुन्हा तपासली. पायरीची उंची बरोबर. रुंदी बरोबर. कठडा बरोबर. कॅल्क्युलेटर घेऊन बसली. काहीच चूक नव्हती. दोन-वीसनंतर फाइल मोकळी झाली, तेव्हा तिनं ढग पुसला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. जरा मोठा.

तिनं पुन्हा पुसला. वर्कशॉपला सांगितलं, "दोन दिवस थांबा."

तिसऱ्या दिवशी ढगानं अख्खं वळण झाकलं होतं. आत एकाखाली एक तीन प्रश्नचिन्हं. भाऊजींनी असं कधीच केलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "रागावलेत माझ्यावर. अजून."

मी विचारलं, "कोण?"

तेव्हा तिनं मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. मी तिला जवळ घेतलं. खरं सांगते, तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं, दुःखानं बहिणीचं डोकं फिरायला लागलंय. तिची समजूत घालायची म्हणून मी सहज बोलून गेले, "भाऊजी चूक नसताना कधी ढग काढायचे का?"

ताईनं माझा हात सोडवला आणि पर्स उचलली.

सकाळी ती आपलं ड्रॉइंग आणि लंबूला घेऊन आर्किटेक्टच्या ऑफिसात गेली. म्हणाली, "तुमची मूळची फाइल दाखवा. नव्या व्हर्जनमधली. तिसऱ्या मजल्याच्या खाली."

तिथल्या मुलानं फाइल उघडली, इमारत फिरवून दाखवली.

त्या वळणावर एक बीम होता. भिंतीतून बाहेर आलेला, जाडजूड, बरोबर जिन्यावरून जाणारा.

ताई म्हणाली, "आम्हाला पाठवलेल्या फाइलमध्ये हा नाही."

"जुन्यात करून दिली ना तुम्हाला. नव्या पद्धतीनं काढलेल्या काही गोष्टी जुन्यात उतरत नाहीत, दिसतच नाहीत. आम्ही ईमेलमध्ये लिहिलं होतं, एकदा येऊन बघून जा म्हणून."

ईमेल आला होता. ताईनं वाचला होता. 'बघू' म्हणून ठेवून दिला होता.

लंबूनं विचारलं, "पायरीपासून बीमपर्यंत किती अंतर राहतं?"

त्या मुलानं मोजलं. "पाच फूट दोन इंच."

लंबूनं हात आपल्या छातीपासून थोडा वर नेला, तिथे धरला, आणि बघत राहिला. धुरातून, अंधारातून, एखाद्या आजारी मुलाला उचलून कोणी धावत खाली येतंय...

ताई बाहेर येऊन पायरीवर बसली आणि रडली. भाऊजी गेल्यावर ती रडली नव्हती. सगळे म्हणायचे, घट्ट आहे. लंबू बाजूला उभा राहिला. त्यानं तिला काही विचारलं नाही. त्या वळणाचं तिला कुठून सुचलं, हेही नाही.

दुपारी ती साहेबांकडे गेली.

"सॉफ्टवेअर बदलू या."

साहेबांनी चष्मा काढला. "कधी?"

"हे ड्रॉइंग नव्यानं काढावंच लागणार आहे. ते नव्यात काढू. शुक्रवारी."

"मास्तरांचा तो पायऱ्यांचा प्रोग्राम?"

"मी परत लिहीन."

शुक्रवारी कॉम्प्युटरवाला सकाळपासून बसला. सगळ्या जुन्या फाइलींची एक प्रत बाजूला काढली. नवं सॉफ्टवेअर एकेका मशिनवर चढवलं. शेवटी राहिलं, जुना लायसन्स सर्व्हर बंद करणं. त्यासाठी पाचही लायसन्स मोकळी व्हायला हवी होती. सगळ्यांनी आपापलं सॉफ्टवेअर बंद केलं.

त्यानं यादी बघितली. रिकामी होती.

त्यानं बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात...

एक ओळ आली.

दोनला दहा कमी होते.

कॉम्प्युटरवाल्यानं हळूच विचारलं, "जबरदस्तीनं काढू?"

"नको," ताई म्हणाली. "पाच मिनिटं सगळे बाहेर जा."

गेले सगळे. बारकीनं जाताना दार ओढून घेतलं.

ताई भाऊजींच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली. कव्हर काढलं. पडदा काळा. त्यात तिचा एकटीचा चेहरा.

टक्-टक्...

"अहो," ती म्हणाली.

आवाज थांबला.

"बीम दिसला. लंबूनंही बघितला. मुलांचा जिना आहे हो, केवढी चूक झाली असती माझ्या हातून." ती जरा थांबली. "तुम्हाला भीती वाटते असं म्हणाले मी. सगळ्यांसमोर. तुम्हाला नव्हती वाटत. तुम्ही म्हणत होता तेच बरोबर होतं, रिकामा आठवडा बघून बदलायचं. नंतर भीती मला वाटली. हे बंद केलं, तर तुम्ही बसाल कुठे, याची."

खालचा ग्राइंडरही वाजत नव्हता.

"आज बंद करते. चालेल ना?"



मग...

टक्.

एकदाच. गेल्या कित्येक वर्षांत ते बटण असं एकदाच वाजून थांबलं नव्हतं.

तिनं सर्व्हरकडे पाहिलं. यादी रिकामी होती. घड्याळात दोनला तीन कमी. आजवर कधी दोन-वीसच्या आधी ती ओळ गेली नव्हती.

सगळे आत आले. कॉम्प्युटरवाल्यानं यादी बघितली, मान डोलावली. म्हणाला, "बंद करण्याआधी नोंदी बघून घेतो. हे कधीपासून अडकत होतं, ते कळेल."

सर्व्हर प्रत्येक दिवसाच्या नोंदी ठेवायचा. तो मागे मागे जात राहिला.

"रोजच आहे हो हे. सुट्टीचे दिवस सोडून रोज. तेव्हा चारच माणसं होती, म्हणून कळलं नाही कोणाला." आणखी मागे. "मधे दहा दिवस ऑफिस बंद दिसतंय. त्याच्या आदल्या दिवशी मशिन नीट चालू आहे, काम चाललंय. इथं बघा, फाइल सेव्ह केल्याच्या नोंदी आहेत. एक बावन्न. एक अठ्ठावन्न. दोन-चार. दोन-अकरा. दोन-अठरा. मग काही नाही."

लंबूनं तारीख वाचली. मास्तर गेले तोच दिवस.

ताई म्हणाली, "ते आपोआप होत असेल."

"नाही. आपोआप सेव्ह झालेलं वेगळं दिसतं. आणि मास्तरांनी ते बंदच करून ठेवलं होतं, मशिन अडकायचं म्हणून. हे हातानं केलेलं आहे."

त्या दिवशी सकाळी भाऊजींच्या ड्रॉइंगमध्ये गोल जिन्याच्या चार पायऱ्या राहिल्या होत्या. नंतर लंबूनं फाइल उघडली, तेव्हा जिना पूर्ण होता. सगळे म्हणाले होते, मास्तर काम पुरं करून गेले. पुरं कधी केलं, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

दोन-अठरा.

दोन-अठराला ताई खाली होती. डबा धुऊन झाला होता. कोणाच्या तरी मुलीच्या परीक्षेची गोष्ट चालली होती. ती दोनदा वर जायला उठली होती, आणि दोनदा परत बसली होती.

तिनं त्या नोंदींचा कागद छापून मागितला. तो तिच्या कपाटात आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

नवं सॉफ्टवेअर नीट चाललं. हॉस्पिटलचा जिना बीमपासून बाजूला वळवून घेतला. मुलं त्यावरून उतरायचा सराव करतात असं ऐकलं. भाऊजींच्या टेबलावर आता बारकी बसते. पुन्हा कधी काही वाजलं नाही, काही अडकलं नाही.

ताई मात्र ही गोष्ट सगळ्यांना सांगते. शेजारणीला, नातेवाइकांना, दवाखान्यात रांगेत बसलेल्या अनोळखी बाईला. 'दोनला दहा कमी असताना ते गेले, आणि त्याच मिनिटापासून त्यांचं भूत खुर्चीत बसलं,' असं सांगते. लोक माझ्याकडे बघतात. कोणी म्हणतं, हिला कुठेतरी दाखवा.

मी दाखवणार नाही. मला कळतंय ती काय करतेय.

भूत होतं, तर डॉक्टरांचं वाक्य खरं. क्षणात गेले, कळलं नाही.

आणि त्या दिवशी भूत नसेल, तर एक माणूस अर्धा तास तिथे एकटा बसला होता. छातीत दुखत असताना. दाराकडे बघत असेल, नसेल. रुसलेली बायको वर येईपर्यंत चार पायऱ्या काढत.

पण मग पुढे रोज त्या वेळी कोण येत होतं? वायर काढलेल्या मशिनवर तो ढग कोणी काढला? याचं उत्तर मला मिळत नाही. दुपारी घरात एकटी असले, की त्या वेळेला मी रेडिओ लावते.

मागच्या महिन्यात मी एका हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं, नाव-गाव न सांगता. असा झटका आल्यावर माणूस अर्धा तास काम करत बसू शकतो का?

ते म्हणाले, "बसतात ना. पित्त झालंय असं समजून बसतात. वेळेवर कोणी जवळ असलं, तर पुष्कळ जण वाचतात."

परवा ताई आली होती. जेवण झाल्यावर हात पुसत तिनं अगदी सहज विचारलं, "तू कोणा डॉक्टरला विचारणार होतीस ना? विचारलंस?"

"विचारलं," मी म्हटलं. "क्षणातच जातात म्हणाले."

ताईनं मान हलवली. टॉवेल घडी करून ठेवला. आणि मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

आई गेल्यापासून, मी खोटं बोलले की ओळखणारी ती एकटीच उरली आहे.